खाली तंबोरा चालू आहे

दार लोटून घ्या. कडी लावली नाही तरी चालेल.

खोडाळ्यात रात्र लवकर होते. बाजारपेठेतली शटरं खाली आली आहेत. कसाऱ्याहून आलेली शेवटची जीप माणसं उतरवून गप्प उभी आहे. रस्त्यावर आता कुत्र्यांखेरीज कोणी नाही.

बसा. भिंतीला पाठ टेका. कुडाची भिंत असेल, तर सारवणाआडून कारवीची एखादी काठी पाठीला लागेल. लागू द्या. थोड्या वेळानं तिची सवय होते.

मोबाईल जवळ ठेवा. इथं नेटवर्क येतं-जातं, तेव्हा रेकॉर्ड आधीच उतरवून घेतलेली बरी. पण अजून लावू नका.

आधी जे चालू आहे ते ऐका.

रातकिडे. एक अगदी उंबऱ्यापाशी. बाकीचे लांब, शेताच्या बांधावर, मोजता न येण्याइतके. उंबऱ्यापाशचा सारखा कानात घुसतो. घुसू द्या. तुम्ही कान लांबच्यांकडे न्या.

श्वास आत घ्या. सोडा.

पुन्हा एकदा.

जवळचा ओरडत असताना लांबचा आवाज धरून ठेवता येतो का, बघा. सुटला तर परत धरा. आज एवढंच करायचं आहे. रेकॉर्ड लावल्यावरसुद्धा एवढंच.

*

आता मांडीवर एक वस्तू घ्या. खरी नसली तर मनानं घ्या.

वाळलेला भोपळा.

हात फिरवा. साल कडक आहे, हाडासारखी. ऊन लागलं ती बाजू गडद. मातीला टेकलेली बाजू फिकी. देठापाशी एक वळण. एका ठिकाणी बोटाला खरखर लागते. वेलीवर असताना तिथं काहीतरी घासत राहिलं असणार.

उचला. दिसतो त्या मानानं वजन काहीच नाही.

हलवा. आत बिया आहेत, वाळून सुट्या झालेल्या. खळ्ळ. मग जरा उशिरानं, मागे राहिलेल्या दोन-चार.

नखानं टिचकी मारा.

टिचकी बाहेरून मारली. आवाज आतून आला.

अजून एकदा मारा. या वेळी टिचकी सोडून द्या. तिच्यानंतर जे उरतं ते ऐका. फार थोडं उरतं. तेवढंच ऐका.

(पोकळी, शून्य वगैरेंवर बोलायचा मोह इथं फार होतो. आवरू या. मांडीवर भोपळा आहे, तेवढा पुरे.)

*

आता लावा. आवाज बेताचा ठेवा. रातकिडे पूर्ण झाकले जाऊ नयेत.

रेकॉर्डचं नाव ‘जाझ मीट्स इंडिया’. ऑक्टोबर १९६७मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. गाव फिलिंगेन, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरी, दाट झाडीच्या मुलखातलं. तिथं साबा नावाची रेडिओ बनवणारी कंपनी होती. तिच्या मालकांच्या घराण्यातल्या हान्स गेऑर्ग ब्रुनर-श्वेर यांना चांगल्या आवाजाचं वेड होतं. त्या वेडातून तिथं स्टुडिओ उभा राहिला आणि रेडिओवाल्यांनी रेकॉर्डीही काढल्या.

ऑक्टोबर. आपल्याकडे तेव्हा खुरासणी फुललेली असते. माळाच्या उतारावर पिवळा रंग पसरतो, त्याच्या शेजारी नागलीची कणसं वळायला लागलेली असतात. १९६७च्या ऑक्टोबरातही तसंच असणार. खोडाळा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा व्हायला अजून ४७ वर्षं होती.

दोन्ही डोंगर एका वेळी डोळ्यांपुढे आणा. घाई नाही.

आता त्या खोलीतली माणसं बघा. नावं सावकाश घ्या.

पियानोवर इरेन श्वायत्सर. वय २६. ऱ्हाइन नदीच्या काठच्या शाफहाउझेनची स्विस मुलगी.

बेसवर उली ट्रेप्टे.

ड्रमवर मानी नॉयमायर.

ट्रम्पेट आणि कॉर्नेट, मानफ्रेड शूफ.

सॅक्सोफोन, बार्नी विलेन.

सतार आणि गाणं, दिवाण मोतिहार.

तबला, केशव साठे.

तंबोरा, कुसुम ठाकूर.

शेवटच्या नावापाशी थांबा.

अशा यादीत तंबोऱ्याचं नाव शेवटी येतं. ते वाचेपर्यंत वाचणाऱ्याचं लक्ष पुढे गेलेलं असतं. आज आपण उलटीकडून आत जाऊ. आज कुसुमताईंचं बोट धरायचं.

ऐका. तंबोरा शोधा.

*

तो सापडायला वेळ लागतो. सतार लगेच सापडते, ती समोर येऊन बोलते. सॅक्सोफोन तर बोलावल्याशिवाय येतो. तंबोरा खाली असतो.

खाली म्हणजे कुठे? कान जमिनीकडे न्या.

चार तारा. मधलं बोट पहिली तार छेडतं, उरलेल्या तीन तर्जनीच्या. पंचम. मग जोडीचे दोन षड्ज. मग खर्ज. आणि परत पंचम. बोटं तारा ओढत नाहीत, नुसती त्यांच्यावरून जातात.

तारांच्या खाली घोडी. घोडी आणि तार यांच्या मध्ये एक दोरा. तो केसभर मागे-पुढे केला की तार एकदम मोकळी होते, आवाज गुंजायला लागतो. जवारी लागली, म्हणतात ती ही. दोरा इकडचा तिकडे झाला तर तीच तार मुकी.

एवढ्याशा दोऱ्याकडे बघत राहा.

आणि या सगळ्याच्या खाली, तबलीच्या मागे, भोपळा.

मिरजेत तंबोरे करणारी घराणी आहेत. एकोणिसाव्या शतकापासून तिथं हे काम चालू आहे. त्यांचे भोपळे येतात पंढरपूरच्या आसपासच्या, भीमाकाठच्या शेतांतून. खायचे नव्हेत, कडू. कडू असतो म्हणून त्याला कीड सहसा लागत नाही. वाळवायचा. पाण्यात भिजवायचा. कापायचा. गर आणि बिया खरवडून काढायच्या. आतून काठ्यांचे ताण देऊन घेर हवा तसा धरायचा, पुन्हा वाळवायचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारीही आता ही वस्तू मिरजेची.

मांडीवरच्या भोपळ्याकडे परत या.

हात त्याच्या पोटावर ठेवा. रेकॉर्ड चालू आहे. हाताला काही कळतं का?

बहुधा नाही. ठेवा तरीही.

*

आता एक बारीक गोष्ट.

तंबोरा नीट लागलेला असेल, तर त्यातून एक सूर येतो जो कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. गंधार. खर्जाच्या तारेच्या पोटातून तो आपला आपण उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की तंबोरा लागला, असं समजतात. मिरजेला राहणारे अब्दुल करीम खाँसाहेब तंबोरा लागल्याशिवाय गायला सुरुवात करत नसत, असं नेहमी सांगितलं जातं. यात नवल असं काही नाही; भूमी ओली झाल्याशिवाय कोण पेरतं?

खर्ज ऐका. त्याच्या शेवटाला चिकटून वर काही तरंगतं का, ते ऐका.

मोबाईलच्या स्पीकरवर खर्ज अर्धाच पोचतो, हे खरं. हेडफोन असतील तर लावा. मग रातकिडे जातील. त्याचं आज फारसं वाईट वाटून घेऊ नका.

श्वास सोडा. सोडताना खर्जाबरोबर खाली जा.

आणि आता पियानोचा गंधार येतो.

तो या गंधाराला भेटत नाही. पियानोचे सूर कारागिरानं सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे त्याचा गंधार तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा. किंचितच. पण दोन्ही एका वेळी कानावर आले की मध्ये काहीतरी घासतं.

बहुतेकांना ते खटकतं. पूर्व आणि पश्चिम इथं जुळली नाहीत असं म्हणून लोक रेकॉर्ड बंद करतात.

तुम्ही करू नका. त्या घासण्यापाशी बसा.

भोपळ्यावरची ती खरखरीत जागा परत शोधा. बोट तिच्यावर ठेवा.

मला या रेकॉर्डमधलं सगळ्यात खरं काही वाटत असेल तर ते हे घासणं. कोणी त्यावर पॉलिश मारलेलं नाही.

*

ड्रम वाढतात.

तंबोरा दिसेनासा झाला. होऊ द्या.

या संगीताला फ्री जाझ म्हणतात. नावावर फार रेंगाळायला नको. १९६०च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमननं आठ वादक दोन चमूंत बसवले, स्वरमेळांची ठरलेली साखळी बाजूला ठेवली आणि जवळजवळ ३७ मिनिटं सलग वाजवलं. त्या रेकॉर्डचं नावच ‘फ्री जाझ’. त्याच सुमाराला लंडनमध्ये जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आपल्या परीनं त्याच वाटेला लागला होता. आणि फिलिंगेनमध्ये हे आठ जण जमण्याआधी तीनच महिने, जुलै १९६७मध्ये, जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन गेला. त्यानं आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं होतं, रविशंकरांवरून.

एवढं कानामागे असू द्या. आता पुढचं ऐका.

पियानोचे सूर झुंबड करून येतात. ट्रम्पेट मध्येच फाटतो. सॅक्सोफोन एखादं वाक्य सुरू करतो आणि अर्धं सोडून देतो. ड्रम एक-दोन-तीन-चार मोजत नाहीत. ते कधी पाठीशी येतात, कधी समोरून.

कुठे धरायचं, असं होईल. छाती जरा आवळेल.

काही धरू नका. श्वास बाहेर सोडा, लांब.

आणि विचारा: तंबोरा चालू आहे का?

कदाचित चालू असेल, खाली, गर्दीत. कदाचित थांबला असेल. दोन्ही शक्य आहे. थांबला असला, तर षड्ज तुमच्या कानात अजून आहे का, बघा. इतका वेळ तो ऐकला आहे. हलकेच गुणगुणा, ओठ मिटून. इतकं हलकं, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळू नये.

हं.

तेवढाच. त्याला सोडू नका.

आता वरची गर्दी ऐका. तीच गर्दी. पण आता तिला खाली जमीन आहे.

*

या गर्दीत एक माणूस आहे, ज्याला जमीन कुठे आहे ते सारखं माहीत आहे. त्याच्याकडे वळा.

केशव साठे. जन्म मुंबईचा, १९२८ सालचा. पन्नासच्या दशकात ते लंडनला गेले. मराठी माणूस परदेशी गेला की आपण त्याची नोकरी, घर, मुलं विचारतो. साठे तिथं तबला वाजवत होते.

जो हॅरियट आणि कलकत्त्याचे संगीतकार जॉन मेयर यांनी साठच्या दशकाच्या मध्याला इंडो-जाझ नावाचा प्रयोग मांडला, तेव्हा त्यात तबल्यावर साठे होते. सतारीवर हेच मोतिहार. मेयर सगळं कागदावर लिहून देत. कोणी कुठे यायचं, कुठे थांबायचं, ठरलेलं. पुढे १९७७ साली जॉन रेनबोर्न या इंग्रज गिटारवादकाच्या चमूत साठे इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना तबला देतात. ‘अ मेड इन बेडलम’ ही ती रेकॉर्ड. तीही कधी ऐका.

फिलिंगेनमध्ये मात्र तसा कागदाचा धाक नाही.

बायाँ ऐका. डाव्या हाताचं मनगट चामड्यावर सरकतं आणि आवाज वाकतो. घुं– असा.

त्या वाकण्यापाशी राहा.

आता दायाँ. उजव्या हाताचं बोट कडेला पडतं. ना. कोरडं, स्वच्छ.

शेजारी नॉयमायरचे ड्रम. तिथं सम नाही. इथं आहे. साठ्यांचा तबला हात लांब करून ड्रमला ओढत नाही, की स्वतः वाहून जात नाही. तो आपल्या जागेवर बसून ऐकतो आहे, असं मला वाटतं. वाजवताना ऐकणं फार कमी जणांना जमतं. वाजवत नसतानासुद्धा कितीसं जमतं?

पुन्हा बायाँ. घुं–

श्वास त्याच्याबरोबर वाकवून बघा.

*

हे ऐकणारे तेव्हा थोडे होते. आजही थोडेच.

१९६७ म्हणजे सतारीचं वर्ष. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार, मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात रविशंकर. दुकानं सतारीनं भरली होती. त्या पुरात ही रेकॉर्ड आणखी एक म्हणून वाहून गेली असणार. जाझवाल्यांना यात सतार जास्त, सतारवाल्यांना आरडाओरडा जास्त. आणि आपल्याकडे तर ती घरोघरी पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

ती जमवून आणणारे योआखिम-एर्न्स्ट बेरेन्ट. जगभरच्या संगीतांशी जाझची गाठ घालून द्यायची, अशा रेकॉर्डींची एक मालिकाच त्यांनी केली. पुढे १९८३ साली त्यांनी ऐकण्यावरच एक पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं ‘नादब्रह्म’. पियानोवरची ती २६ वर्षांची मुलगी युरोपातल्या मुक्त वादनाचं एक मोठं नाव झाली. २०२४च्या जुलैमध्ये गेली. ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी या रेकॉर्डनंतर वर्षभरात गुरु गुरु नावाचा रॉक बँड काढला.

कुसुम ठाकूर?

तंबोरा ऐका.

*

थोडा वेळ रेकॉर्ड थांबवा.

शांतता नाही, रातकिडे तिथंच आहेत. तुम्ही नव्हता तेव्हाही ते चालूच होते.

भोपळा परत हातात घ्या. या वेळी देठाकडून धरा.

इथं, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, भोपळ्याचा दुसरा एक भाऊ आहे. लांब मानेचा. तो तंबोऱ्यात जात नाही. त्याचा तारपा होतो.

भोपळ्याला वरून फुंकायला भोक. खालच्या तोंडात बांबूच्या दोन नळ्या, आत जिभाळ्या, बाहेर बोटांसाठी भोकं. सांधे मेणानं बुजवलेले. नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. सगळं याच रानातलं.

तारपकरी फुंकायला लागला की श्वास तोडत नाही. गाल फुगतात, नाकानं हवा आत येते, तोंडानं बाहेर जात राहते. एकाच वेळी. सूर तुटत नाही. भात निघाल्यावरच्या रात्री वारली, कोकणा, ठाकर मंडळी त्याच्याभोवती हात गुंफून फेर धरतात. फेर मिटत-उलगडत जातो, पण नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतला तो वळत गेलेला नाच तुम्ही पाहिला असेल. त्यात तारपकरी शोधा कधी. केवढासा काढलेला असतो.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या घरात.

आता तो श्वास करून बघा. गाल फुगवा. हवा गालात धरून हळूच नाकानं आत घ्या.

जमणार नाही. हसू येईल. येऊ द्या.

परत एकदा.

न तुटणारा एक सूर. तंबोऱ्यात तो बोटांतून येतो, तारप्यात छातीतून. दोन्हीकडे मध्ये भोपळा.

आता रेकॉर्ड पुन्हा सुरू करा. सॅक्सोफोन येईल तेव्हा त्याच्याकडे तारपा ऐकलेल्या कानांनी बघा. मघाशी तो आरडाओरडा वाटला होता?

ऐका.

फेर धरून नाचणाऱ्यांना तारपा कर्कश वाटत नाही. त्यांचे पाय त्यात असतात. पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या. तो हलतो आहे का? मुद्दाम हलवू नका. हलत असेल तर नुसतं बघा.

*

शेवटचा तुकडा दोन नद्यांच्या नावाचा आहे. ‘ब्रिगाख अँड गँजेस’.

गंगा आपल्याला माहीत आहे. ब्रिगाख माहीत असायचं कारण नाही. फिलिंगेन गावातून जाणारी ती एक लहान नदी. पुढे ब्रेग नावाच्या दुसरीला मिळते आणि दोघींची मिळून डॅन्यूब होते. तिथून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे २८५० किलोमीटर.

गाणी बहुधा मोठ्या नदीवर होतात. इथं गावातल्या ओढ्याएवढ्या नदीचं नाव आधी आलं आहे. मला हे फार आवडतं.

तुमच्या मनात कोणती नदी येते?

येऊ द्या. गंगाच आली पाहिजे असं नाही.

माझ्या मनात वैतरणा येते. त्र्यंबकच्या डोंगरात एका अंगाला गोदावरी उगवते, दुसऱ्या अंगाला ही. गोदावरी पूर्वेला निघून जाते. वैतरणा आपल्याकडे उतरते. कोचाळ्याला तिच्यावर १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. तिथलं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात याच मोखाडा तालुक्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळापर्यंत उतरतात.

हा विचार आला की ऐकणं बिघडतं. माझं बिघडतं.

त्याला हाकलू नका. तोही इथलाच आवाज आहे. वर ट्रम्पेट, खाली तंबोरा, आणि मध्ये रिकाम्या हंड्यावर हंडा ठेवल्याचा ठणका. ऐका. सगळं एका वेळी ऐकू येतं का?

मुंबईच्या कुठल्याशा घरात १९२८ साली जन्मलेलं मूल कोणतं पाणी प्यायलं असेल? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. तेही याच बाजूचं. साठ्यांच्या तबल्यात आपल्याकडचा एखादा पेला असायला हरकत नाही.

बायाँ पुन्हा वाकतो. घुं–

तबल्याबरोबर राहा. मग तबला सोडून खाली या. पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

अजून एकदा.

पंचम.

षड्ज.

षड्ज.

खर्ज.

*

तुकडा संपला की मोबाईल आपोआप दुसरं काहीतरी लावेल. त्याआधी बंद करा. लगेच उठू नका. पाय आखडले असतील तर लांब करा.

रेकॉर्ड कळली का, आवडली का, हे आज कोणी विचारत नाही. पहिल्या ऐकण्यात ती मलाही आवडली नव्हती. अजूनही तिच्या काही जागा मला नुसत्या लांबवलेल्या वाटतात, आणि तिथं मी सरळ भोपळ्याशी चाळा करत बसतो.

उद्या लावाल तेव्हा कुसुमताईंचं बोट सोडलं तरी चालेल. उद्या ट्रेप्टेच्या बेसबरोबर आत जा; तोही खालीच राहतो आणि त्याच्याकडेही कोणी बघत नाही. परवा साठे. मग शूफ, जेव्हा तो ट्रम्पेट ठेवून कॉर्नेट घेतो तेव्हा. आठ जण आहेत. खोडाळ्यात थंडीच्या रात्री मोठ्या असतात, आठांना पुरतील.